द्राक्षबागेच्या अभ्यासासाठी मॅव्हिक ३ मल्टिस्पेक्ट्रल

डीजेआय या चिनी कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणलेला मॅव्हिक ३ मल्टिस्पेक्ट्रल (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे स्वतंत्रपणे टिपणारा) हा ड्रोन आमच्या संस्थेत द्राक्षवेलींचा जोम मोजण्यासाठी वापरला जातो आणि पुढील मत त्या कामापुरतेच आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे फुकट मिळत असताना एवढा खर्च कशासाठी, ही शंका रास्त आहे. मात्र त्या चित्रांतला उत्तम पिक्सेलही १० मीटरचा असतो आणि आपल्याकडे वेलींच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचेच अंतर असल्यामुळे तीन-चार ओळी आणि त्यांच्यामधली माती एकाच आकड्यात मिसळून जाते. हा ड्रोन ६० मीटरवरून उडवला की मल्टिस्पेक्ट्रल चित्राचा पिक्सेल पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास येतो, त्यामुळे माती वगळून निव्वळ कॅनॉपी (वेलीच्या पानांचा विस्तार) मोजता येते.

रंगीत कॅमेऱ्याच्या जोडीला हिरवा, लाल, रेड एज (लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा) आणि निअर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त) या पट्ट्यांचे चार छोटे कॅमेरे आहेत. प्रत्येक वेळी एक जेपीजी आणि चार टिफ फायली तयार होतात, त्यामुळे उड्डाणापेक्षा फायली लावण्यातच अधिक वेळ जातो. तरीही ७३० नॅनोमीटरचा रेड एज पट्टा किमतीचे चीज करतो, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर कॅनॉपी भरली की एनडीव्हीआय (लाल आणि निअर इन्फ्रारेड पट्ट्यांवरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) जवळजवळ वाढेनासा होतो, तर एनडीआरई (लालऐवजी रेड एज पट्टा वापरणारा तसाच निर्देशांक) वेलीवेलींतला फरक दाखवत राहतो. आधीच्या फँटम ४ मल्टिस्पेक्ट्रलमधला निळा पट्टा मात्र येथे गाळला आहे. ज्यांना ईव्हीआय (निळा पट्टाही लागणारा हिरवेपणाचा निर्देशांक) काढायचा आहे, त्यांची यामुळे अडचण होईल.

ड्रोनच्या पाठीवरचा सूर्यप्रकाश संवेदक उजेडातले चढउतार नोंदवतो, पण तेवढ्यावर विसंबून दोन तारखांचे नकाशे शेजारी ठेवणे मला मान्य नाही. उड्डाणाआधी कॅलिब्रेशन पॅनलचे (किती प्रकाश परावर्तित करते हे आधीच ठाऊक असलेल्या फलकाचे) छायाचित्र घेतल्याशिवाय परावर्तनाचे आकडे तुलनेला घेऊ नयेत. आणि तुटक ढगांची सावली बागेवरून सरकत असेल, तर त्या दिवशी उड्डाणच करू नये. बॅटरीची ४३ मिनिटे ही कंपनीने वारा नसताना मोजलेली आहेत, शेतावर त्याहून कमीच धरावीत.

फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी असून संशोधनासाठी परवानगीने सूट मिळते, त्यामुळे एकट्या बागायतदाराला हा ड्रोन सुचवण्यात अर्थ नाही. संस्थांनी जरूर विचार करावा. फक्त वेगळे विकत घ्यावे लागणारे पॅनल आणि जादा बॅटऱ्या पहिल्याच प्रस्तावात धराव्यात, कारण सुट्या वस्तूंच्या मंजुरीची फाईल परत येईपर्यंत बागेची काढणी उरकलेली असते.