दोन गाड्यांची एक करायचीय: मोठी ठेवू, छोटी ठेवू, की दोन्ही काढून तिसरीच घेऊ?

घरात एक मोठी सात सीटर आहे, एक छोटी हॅचबॅक आहे, आणि मधल्या काळात कोणाचं ऑफिस घरूनच सुरू झालं, कोणी रिटायर झालं, मुलं शिकायला बाहेर गेली, त्यामुळे रनिंग एकदम खाली आलंय. दोनातली एक गाडी धूळ खात उभी असते. अशा वेळी जो तो पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे "कुठली विकू?", पण त्याच्या आधीचा प्रश्न वेगळाय, दोन्ही गाड्या एकाच वेळी बाहेर किती वेळा असतात?

दोन्ही वापरल्या जातात हे काही उत्तर नाही. सकाळी ही नेली, संध्याकाळी ती नेली, तर ते काम एका गाडीतही झालं असतं. महिनाभर कॅलेंडरवर फक्त त्या दिवसांवर खूण करा जेव्हा दोन्ही एकदमच लागल्या, आणि त्यातल्या किती वेळा कोणीतरी तासभर मागेपुढे झालं असतं किंवा रिक्षा-टॅक्सीने गेलं असतं तेही लिहा. बहुतेक खुणा तिथेच गळतात. नसतील गळत, म्हणजे दोघांना रोज उलट्या दिशांना ठरलेल्या वेळी जावंच लागत असेल, तर दोन्ही ठेवा.

"असू दे उभी, चालवत नाही तर खर्च कसला" असं म्हणणारे भरपूर असतात. पण उभ्या गाडीतसुद्धा अलार्म, सेंट्रल लॉक, आतला कंप्युटर असं सगळं थोडा थोडा करंट खात असतं. तो ५० मिलीअँपिअर धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीतला चार्ज मोजायचं माप) जातात, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन आठवड्यांच्या आतच निम्म्यावर येते. साधा मल्टीमीटर लावून बघा, गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, आणि त्याखाली वारंवार गेली की ती बॅटरी फार दिवस टिकत नाही. रोज पाच मिनिटं नुसती स्टार्ट करून बंद करायची हा उपाय नव्हे, उलट त्याने इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये ओल राहते, आणि सेल्फ मारताना गेलेलं चार्जसुद्धा धड परत येत नाही. टायरचंही तेच. टायरच्या बाजूवर (साइडवॉलवर) चार आकडे असतात, २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर, नक्षी नवीकोरी दिसली तरी रबराचं वय वाढतच असतं. ऑइल वर्षाला, ब्रेक फ्लुइड साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, तेही किलोमीटर न बघता. वर इन्शुरन्स आहेच.

आता मोठी विरुद्ध छोटी. इथे सगळे ॲव्हरेजवर येतात, आणि मला वाटतं तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. समजा मोठी लिटरला १० देते आणि छोटी १८. वर्षाला १५,००० किमी चालवत होतात तेव्हा फरक जवळपास ६६७ लिटरचा होता. आता रनिंग ४,००० वर आलं तर तोच फरक १७८ लिटर. म्हणजे चालवणं कमी झालं की ॲव्हरेजचा मुद्दाच बारीक होतो, आणि ज्या कारणासाठी छोटी ठेवायची म्हणता ते कारणच उरत नाही.

तरीही छोटीच ठेवा असं मी बहुतेकांना सांगेन, पण कारणं वेगळी. टायर स्वस्त, ऑइल कमी लागतं, कुठेही पार्क होते, आणि मुख्य म्हणजे घरातले सगळे ती चालवतात. एकच गाडी उरणार असेल तर हा मुद्दा फार मोठा आहे. मोठी गाडी घरात एकच जण आत्मविश्वासाने चालवत असेल आणि तीच ठेवली तर बाकीचे पायीच झाले, रात्री अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली आणि तो एक जण घरी नसला तर दारात गाडी असून उपयोग शून्य. गिअरवाली आणि ऑटोमॅटिक यातही हेच बघा, कोणाला काय जमतं.

मोठीच्या बाजूने जे बोललं जातं त्यात "सगळे एकत्र जायला लागते" हे सगळ्यात वरचं असतं, आणि ते वर्षातून एकदोनदाच होतं. मोठीचा वर्षभराचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग यांची बेरीज करा आणि तेवढ्यात मोठी गाडी किती दिवस भाड्याने मिळते ते बघा. दहा दिवस मिळत असेल आणि तुम्हाला चारच दिवस लागणार असेल तर विषय संपला. पण मोठीच्या बाजूचं एक खरं कारण आहे आणि ते हिशोबात कोणी धरत नाही, ते म्हणजे सीटची उंची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसक्या हॅचबॅकमध्ये उतरत उतरत बसावं लागतं आणि बाहेर पडताना दाराची चौकट धरून उठावं लागतं, उंच गाडीत तोच माणूस सरळ आडवा सरकून बसतो. घरात असं कोणी असेल, किंवा दर आठवड्याला व्हीलचेअर डिक्कीत टाकायची असेल, मागे लहान मुलांच्या तीन सीट शेजारी शेजारी लावायच्या असतील, तर मोठी ठेवा आणि मनात काही आणू नका. विकण्याआधी त्या माणसाला एकदा छोटीत बसवून, उतरवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मोठी डिझेल असेल तर मात्र गणित बदलतं. नवीन डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवायचा फिल्टर असतो, तो साफ होण्यासाठी आत साधारण ५५० ते ६०० डिग्री तापमान लागतं, आणि ते हायवेला सलग चालवल्यावरच नीट होतं. दूध, भाजी, शाळा एवढ्याच फेऱ्या असतील तर सफाई अर्धवट राहते, फिल्टर चोंदतो, सफाईसाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते ऑइल पातळ होतं, आणि मग गॅरेजचं बिल बघून घाम फुटतो. आठवड्याला एखादी लांब फेरी होत असेल तर ठीक, नाहीतर डिझेल कितीही सोन्यासारखी असली तरी आधी तीच काढा. पेट्रोललाही छोट्या फेऱ्या आवडत नाहीत, पण ती सहन करून घेते.

तिसरा पर्याय, दोन्ही देऊन एक नवी घ्यायची, आणि आता म्हटल्यावर इलेक्ट्रिकच. छोट्या फेऱ्यांना इलेक्ट्रिक उत्तम यात वादच नाही, इंजिन तापायची भानगड नाही, फिल्टर नाही, ब्रेकही कमी झिजतात. पण परत तोच हिशोब, चालवणंच कमी तर इंधनात वाचणार किती? नव्या गाडीची किंमत सगळ्यात जोरात पडते ती पहिल्या वर्षी, आणि ४,००० किमी चालवून ते भरून निघत नाही. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी देतात, तुमची ८ वर्षं संपतील तेव्हा ४०,००० सुद्धा झालेले नसतील. उभी ठेवायची तर १०० टक्के भरून ठेवू नये, निम्म्याच्या आसपास बरी, आणि हो, तिच्यातही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते जी उतरली की भलीमोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही. दोन्ही जुन्या झाल्या असतील, मोठा खर्च तोंडावर आला असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तेव्हाच हा विचार करा.

सेकंडहँड मधल्या साइजची घेणं मला तितकंसं पटत नाही. तुमच्या गाडीने कुठे मार खाल्लाय, क्लच कधी बदलला हे तुम्हाला माहीत आहे, दुसऱ्याच्या गाडीचं ते माहीत नसतं. ती माहिती विकून कशाला टाकायची.

बदल कायमचा आहे का हेही बघा. ऑफिस परत बोलावेल अशी शंका असेल तर सहा महिने थांबा, कारण घाईत विकून परत घ्यायची म्हणजे दोन्हीकडून मार. तेवढे दिवस जी काढायची आहे तिच्या बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, टायरमध्ये हवा पूर्ण ठेवा आणि चावी अशा ठिकाणी ठेवा की मागितल्याशिवाय मिळणार नाही. कोण किती वेळा मागतं यावरून निकाल आपोआप लागतो.

विकायचं ठरलं की नावावर होण्याचे कागद पूर्ण झाल्याशिवाय दुसरी चावी देऊ नका, आणि देताना स्क्रीनमधून तुमचे फोन नंबर, घराचा पत्ता, जोडलेलं ॲप सगळं काढून फॅक्टरी रीसेट मारा, ॲप राहिलं तर गाडी कुठे फिरतेय ते तुम्हाला दिसत राहतं आणि ते नव्या मालकाला आवडणार नाही.