ब्लेंडरमधले केस आणि पेशवाईतला खोपा: काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं करण्याच्या सॉफ्टवेअरच्या नव्या केस-यंत्रणेची बहुतेक प्रात्यक्षिकं मोकळ्या, कोरड्या, भुरभुरत्या केसांची असतात. अठराव्या शतकाच्या अखेरची पुण्यातली बाई उभी करायची, तर केस हवेत तेल लावलेले, मधोमध भांग पाडून चापून बसवलेले आणि मागे खोप्यात आवळलेले. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक मूळ सेटिंग बदलावी लागते. ती बदलली की केसांचा निकाल उत्तम येतो. नऊवारीसाठी मात्र ब्लेंडर एकटं पुरत नाही.

केसांचे कर्व्हज (प्रत्येक केस म्हणजे एक वक्र रेषा) ब्लेंडर ३.३ मध्ये आले, पण खरी मजा ३.५ पासून (मार्च २०२३), कारण तेव्हापासून तयार नोड (एकेका क्रियेचे जोडता येणारे ठोकळे) सोबत येतात. विंचरणं, बटा बांधणं, कुरळेपणा हे सगळं शेवटपर्यंत बदलता येतं.

केस थेट शरीराच्या मेशवर (त्रिमितीय जाळीवर) उगवू नका. टाळूच्या भागाची नक्कल काढून वेगळी टोपी करा, तिचं स्केल अप्लाय करा (बदललेलं मोजमाप कायम करा) आणि यूव्ही, म्हणजे पृष्ठभागाचा सपाट उलगडलेला नकाशा, एकमेकांवर चढणार नाही याची खात्री करा. प्रत्येक केसाचं मूळ यूव्हीवरूनच शोधलं जातं. यूव्ही चढलेला असेल, तर मान वळवताच बटा भलतीकडे उडतात. शेप कीज पॅनेलमधली ‘अ‍ॅड रेस्ट पोझिशन’ची (मेशची मूळ स्थिती जपणारी) खूणही इथेच करून टाका.

भांग हा सर्वांत चिवट प्रश्न. ‘इंटरपोलेट हेअर कर्व्हज’ हा नोड आपण हाताने बसवलेल्या मोजक्या मार्गदर्शक केसांवरून बाकीचे केस भरतो, आणि त्यासाठी आजूबाजूच्या मार्गदर्शकांची सरासरी काढतो. त्यामुळे भांगाजवळ डावे-उजवे मिसळतात आणि मधोमध ताठ उभी झुडपं दिसतात. कितीही विंचरलं तरी ती जात नाहीत. उपाय साधा आहे: टोपीचा मेश भांगाच्या रेषेवर फाडून दोन तुकडे करा आणि नोडमध्ये ‘पार्ट बाय मेश आयलंड्स’ (मेशच्या सुट्या तुकड्यांनुसार भांग) चालू करा. रेष अगदी सरळ मात्र ठेवू नका, खरा भांग थोडा नागमोडी असतो.

टाळूपासून खोप्यापर्यंत एकच लांब केस गुंडाळायचा मोह टाळावा. तीन वेगळे ऑब्जेक्ट करा. पहिला, टाळूपासून मानेवरच्या गाठीपर्यंतचे केस: चारेकशे मार्गदर्शक, प्रत्येकी आठ बिंदू. दुसरा, खोपा: पीळ दिलेल्या नळीच्या मेशवर तिच्या लांबीच्या दिशेने केस. इथे वळण जास्त, म्हणून बिंदू सोळा तरी हवेत, नाहीतर कोपरे दिसतात. तिसरा, कपाळाच्या कडेची बारीक लव, दोनतीनशे केस पुरेत. हा तिसरा नसेल, तर डोक्यावर टोप घातल्यासारखं दिसतं.

माणसाच्या डोक्यावर ढोबळमानाने एक लाख केस असतात. साठ हजारांवर भागवायचं असेल, तर त्रिज्या ०.०४ ऐवजी ०.०५ मिलिमीटर ठेवा. व्ह्यूपोर्टमधलं (काम करतानाच्या खिडकीतलं) केसांचं प्रमाण दहा टक्क्यांवर आणा, नाहीतर साधी कॅमेऱ्याची हालचालही अडखळते.

केसांचा रंग आणि चकाकी ठरवणाऱ्या प्रिन्सिपल्ड हेअर शेडरमध्ये मेलॅनिन (काळेपणा) ०.८ आणि रेडनेस (तांबूसपणा) १ असं मूळ मूल्य येतं. मागून प्रकाश पडला की त्यात केस तांबूस दिसतात. मेलॅनिन ०.९५ करा, रेडनेस ०.३ वर आणा. मेलॅनिन सरळ १ केलं तर केस काळ्या रंगाचा ठिपका होऊन बसतात, बटांची खोली हरवते. तेलासाठी रफनेस (खरखरीतपणा) ०.३ वरून ०.२ वर आणि शेडरच्या ‘च्यांग’ (Chiang) मॉडेलमध्ये कोट (वरचा चकचकीत थर) ०.३ च्या आसपास. फ्रिझचा (भुरभुरेपणाचा) नोड जवळपास शून्यावर. चकाकी भांगाच्या दोन्ही बाजूंना सलग पट्ट्यात दिसली की समजावं, तेल बसलं.

आता साडी. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर लांब, सुमारे १.२ मीटर रुंद. मार्व्हलस डिझायनर या कपडे नेसवण्याच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये वीस मिलिमीटर कण-अंतरावर (कापडाच्या जाळीतल्या दोन बिंदूंमधलं अंतर) तिचे अठ्ठावीसेक हजार बिंदू होतात. पाच मिलिमीटरवर गेलात, तर साडेचार लाख! म्हणून नेसवणं वीसवर, सूक्ष्म घड्या शेवटी. टक्करीची (कापडाचे थर एकमेकांत घुसू नयेत म्हणून धरलेली) मूळ जाडी २.५ मिलिमीटर असते, त्यामुळे निऱ्यांची गादी होते. ती एक मिलिमीटरवर उतरवा. एकाच आयतातून काष्ट्यासकट नेसवता येतं, पण वेळेचा हिशेब बसत नाही. काष्टा, पुढच्या निऱ्या आणि पदर असे तीन तुकडे करून जोड कमरेच्या खोचणीत लपवावेत. टेक्स्चर (कापडावरचं चित्र) मात्र अखंड साडीचंच लावा, कारण काष्ट्याचा काठ मागे सगळ्यांच्या नजरेस पडतो.

काळाच्या चुका इथेच घुसतात. खांद्यावर पिन लावलेला, सुबक चुण्यांचा पदर पेशवाईत शक्य नव्हता: सेफ्टी पिनचं पेटंट १८४९ चं, आणि पेशवाई संपली १८१८ ला. पदर सैल सोडा, चोळी पुढे गाठीची करा. झगझगीत जांभळा आणि राणी रंगही नको. कृत्रिम रंगांची सुरुवातच १८५६ ची. नीळ, मंजिष्ठ, आल, हळद यांतून निघणारे रंग धरावेत. संदर्भाला राजा रविवर्म्याची चित्रं सर्रास वापरली जातात, पण त्यांचा जन्मच १८४८ चा. वाईजवळच्या मेणवलीतल्या नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं जास्त भरवशाची.

त्वचेचं एकच सांगण्यासारखं: ब्लेंडर ४.० पासून सबसरफेस स्केल (प्रकाश त्वचेच्या आत किती खोल पसरतो ते अंतर) ०.०५ मीटर येतं, चेहरा मेणाचा दिसतो. ०.००५ पासून सुरू करा.

स्थिर चित्रासाठी हे सगळं पुरेसं आहे. शेडरची खरी चकाकी ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्येच मिळते, ईव्ही या दुसऱ्या, वेगवान इंजिनवर विसंबू नका. ॲनिमेशनला मात्र अडचण येते: नव्या कर्व्हजना जुन्या यंत्रणेतल्या पार्टिकल केसांसारखं डायनॅमिक्स (आपोआप हलणं-झुलणं) मिळत नाही. आवळलेल्या खोप्याला त्याची गरज नसते. पण पाठीवर रुळणारी वेणी हवी असेल, तर तिला ब्लेंडरमधल्या ‘हाडां’ची (हालचालीसाठीच्या सांगाड्याची) साखळी घालूनच हलवावी लागेल.