बिनब्रँडचा कार्बन स्टील वोक: घरच्या बीफ स्टर-फ्रायसाठी पैसे वसूल आहे का?

आधीच सांगतो, हा कुठल्या कंपनीचा रिव्ह्यू नाही, कारण या वोकवर, म्हणजे चिनी पद्धतीच्या कढईवर, कंपनीचं नावच नाहीये. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या चायनाटाऊनला लागून बावरी म्हणून रस्ता आहे, तिथे हॉटेलवाल्यांची भांडी विकणारी दुकानं आहेत, त्यातल्या एकातून उचलला. १४ इंची, सपाट बुडाचा, एका बाजूला लांब लाकडी हँडल आणि समोर छोटा कान. पत्रा दोन मिलिमीटरच्या आत, वजन दोन किलोच्या आसपास. चाळीस डॉलरच्या आत काम झालं. असेच वोक ऑनलाइन चकचकीत खोक्यात घालून दुप्पट-तिप्पट किमतीला विकतात, त्या खोक्याचे पैसे द्यायची मला तरी गरज वाटली नाही.

घ्यायचं कारण एकच, बीफ स्टर-फ्राय, म्हणजे मोठ्या आचेवर झटपट परतलेलं बीफ. ऑफिसातून घरी आल्यावर पटकन होणारं, भाताबरोबर खायचं, ऑयस्टर सॉसमधलं (कालवांचा दाट सॉस) बीफ आणि ब्रोकोली किंवा ढोबळी मिरची. आपल्याकडचं गाडीवरचं चायनीज नाही हं, त्यात शेजवान, लाल रंग, कॉर्नफ्लॉवरची दाट ग्रेव्ही, त्याची मजा वेगळी आणि मीही ते आवडीने खातो, पण हे त्याच्यापेक्षा बरंच साधं आहे. सॉस जेमतेम मांसाला चिकटेल एवढा, आणि मांस मऊ लागलं पाहिजे, बस.

तर मुद्दा असा की वोक विकणारे सगळे 'वोक हे'च्या नावाने विकतात, म्हणजे तो हॉटेलातल्या चायनीजला येणारा धुरकट वास. आणि तो घरी येत नाही. आला तरी नुसती चाहूल लागते. हॉटेलातला वोकचा बर्नर एक लाख बीटीयूच्या (आचेची ताकद मोजायचं माप) वर असतो, आपल्या घरच्या गॅसचा साधा बर्नर सात ते बारा हजार, मोठा असला तर पंधरा-अठरा हजार. शिवाय तिथला आचारी वोक उडवतो तेव्हा तेलाचे थेंब ज्वाळेत जाऊन पेटतात, तो वास त्याचा असतो. सपाट बुडाचा वोक घरच्या शेगडीवर ठेवून तुम्ही कितीही हात हलवलात तरी ते व्हायचं नाही, उलट उचलला की तापलेला पत्रा गार व्हायला लागतो. म्हणून मी उडवतच नाही, शेगडीवर ठेवून उलथन्याने हलवतो. व्हिडिओत बघायला भारी वाटतं ते सोडून द्या.

मग घ्यायचा कशाला? कारण पातळ पत्रा. हा तापतो पटकन आणि नॉनस्टिकपेक्षा कितीतरी जास्त तापवता येतो. नॉनस्टिकचं कोटिंग २६० अंशांच्या वर नेऊ नये म्हणतात, आणि रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवलं की तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. हा पत्रा निळा पडेपर्यंत म्हणजे ३०० अंशांच्या आसपास तापवला तरी त्याला काही होत नाही, पहिल्यांदा तर तसा तापवायचाच असतो. आणि बीफला नेमकं हेच लागतं. भांडं कमी तापलेलं असेल तर मांसाला पाणी सुटतं, मग ते त्याच पाण्यात शिजतं, करडं आणि चिवट होतं. आपण मटण परतताना पाणी सुटू देतो आणि त्यातच शिजवतो, ते मटणाला बरोबर आहे कारण त्याला तासभर शिजायचं असतं. इथे मांस भांड्यात असतं जेमतेम दोन मिनिटं.

पण खरं सांगू का, चांगल्या स्टर-फ्रायमधलं बहुतेक काम वोक शेगडीवर चढायच्या आधीच झालेलं असतं, आणि हे कळल्याशिवाय वोक घेऊन उपयोग नाही. मी फ्लँक घेतो, पोटाकडचा चपटा तुकडा, त्यातले धागे डोळ्याला सरळ दिसतात. अर्धा तास फ्रीजरमध्ये टाकायचा म्हणजे जरा घट्ट होतो आणि सुरी सरकत नाही. आधी धाग्यांच्या दिशेने दोन-दोन इंचाच्या पट्ट्या, मग प्रत्येक पट्टी धाग्यांना आडवी कापायची, काप साधारण तीन-चार मिलिमीटर जाड. आडवं कापलं की प्रत्येक धागा आखूड होतो आणि दाताला चिवट लागत नाही, इतकं साधं आहे. चायनीज आणि कोरियन दुकानात हॉटपॉटसाठी मशिनवर कापलेलं कागदासारखं पातळ बीफ मिळतं, ते यात वापरू नका, वोकमध्ये त्याचा चुरा होतो.

मग अर्धा किलो मांसाला पाव चमचा खायचा सोडा आणि दोन चमचे पाणी घालून चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. सोड्याने मांसाचा वरचा थर अल्कलाइन होतो आणि आचेवर प्रोटीन एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, म्हणून पाणी आत राहतं. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते. त्यानंतर एक मोठा चमचा लाइट सोया सॉस, एक चमचा शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन), एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर, पांढरी मिरपूड, आणि शेवटी थोडं तेल, म्हणजे काप एकमेकांना चिकटत नाहीत. हॉटेलातलं बीफ जे तोंडात गुळगुळीत लागतं ना, ते या कॉर्नफ्लॉवरच्या थरामुळे.

शाओशिंगबद्दल एक, किराणा दुकानात कुकिंग वाइन म्हणून जी बाटली मिळते तिच्यात मीठ घातलेलं असतं, त्या हिशोबाने सोया सॉस कमी करा. नाहीच मिळाली तर ड्राय शेरी चालते. डार्क सोया फक्त रंगापुरता, अर्धा चमचा. ऑयस्टर सॉसमध्ये मात्र कंजुषी करू नका, ली कुम कीचा ज्याच्यावर होडीतली बाई आणि मुलगा आहे तो प्रीमियमवाला घ्या, पांडावाला त्याच कंपनीचा स्वस्तातला आहे, तोही वाईट नाही पण गोडसर जास्त. या सॉसची गोष्ट अशी सांगतात की १८८८ साली ग्वांगडाँगमधल्या नानशुई गावात ली कुम शुंग नावाचा खानावळवाला कालवं उकळत ठेवून विसरला आणि पातेल्यात उरला तो दाट तपकिरी रस. जाहिरातीची गोष्ट असेलही, पण सॉस फक्कड आहे.

आता वोकवर काय होतं ते. रिकामा वोक मोठ्या आचेवर धूर दिसेपर्यंत तापवायचा, मग तेल, मग लगेच निम्मंच मांस. निम्मंच! पाव किलोच्या वर एका वेळी टाकलं की घरच्या गॅसवर खेळ संपला. काप पसरायचे आणि तीस-चाळीस सेकंद हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड, कारण स्टर-फ्राय म्हटलं की हात आपोआप ढवळायला जातो. खालून रंग आला की उलटायचं, थोडं कच्चं असतानाच काढायचं, मग दुसरा घाणा. मग त्याच वोकमध्ये आलं, लसूण, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, मिनिटभर उकळून निथळलेली ब्रोकोली, मांस परत आत आणि सॉस कडेकडेने सोडायचा, म्हणजे तापलेल्या पत्र्यावर तो क्षणभर जळतो आणि घरच्या घरी जो काय थोडाफार तो वास मिळायचा तो इथेच मिळतो. शेगडीवरचं सगळं काम सहा-सात मिनिटांचं, भात आधी लावून ठेवा. चिमूटभर अजिनोमोटो मी घालतो, ज्यांना चालत नाही त्यांनी घालू नका, वाद नको.

इथे हा वोक माझ्या स्टीलच्या जाड पॅनपेक्षा सरस ठरतो. पॅनमध्ये रंग चांगला येतो, कदाचित जास्तच चांगला, पण त्याच्या कडा बुटक्या, हलवायला गेलं की ब्रोकोली शेगडीवर. वोकमध्ये उतार असतो, शिजलेलं वर कडेला सरकवायचं आणि मधली जागा नव्या मालाला मोकळी. आणि मांस काढल्यावर पाणी ओतून काथ्याने घासलं की अर्ध्या मिनिटात परत तयार. आमच्याकडे बायको बीफ खात नाही, तिचं चिकन आधी, मग माझं, त्यामुळे हा पटकन धुवायचा गुण मला फार उपयोगी पडतो. (बीफसाठी वेगळं भांडं ठेवा असं ज्यांच्या घरी असेल त्यांच्यासाठी दुसरा वोक घेणंही महाग नाही.)

आता तक्रारी. पहिली, हा तयार मिळत नाही. गंजू नये म्हणून फॅक्टरीत वरून एक थर दिलेला असतो, तो गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीने खरवडून काढायचा, मग तापवून तापवून पत्रा निळा-काळा करायचा, मग तेलाचा अगदी पुसट हात, परत तापवणं, परत हात. अर्धा दिवस जातो आणि घरभर धूर. धुरावरून आठवलं, आमच्या अपार्टमेंटमधला एक्झॉस्ट हवा बाहेर टाकतच नाही, ओढतो आणि गाळून परत घरात सोडतो, त्यामुळे मांस टाकायच्या आधी खिडकी उघडी पाहिजे नाहीतर स्मोक अलार्म बोंबलतो. रोजच्या वापरातसुद्धा हे होतं, नुसतं पहिल्या दिवशी नाही.

दुसरी, लाकडी हँडलचा स्क्रू ढिला होतो. पिळायला मिनिट लागतं पण गरम तेल असताना हँडल फिरलं तर काय, म्हणून मी आधी तपासूनच चढवतो. तिसरी, बूड सपाट म्हणून घेतला तरी तापून तापून मधोमध किंचित वर आलंय. गॅसवर फरक पडत नाही, काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर मात्र डुगडुगतो आणि तेल कडेला पळतं. इंडक्शनवाल्यांनी जाड पत्र्याचा बघावा.

सपाट बूड हा तसा मूळ चिनी प्रकारच नाही, तिकडचा वोक गोल बुडाचा, चुलीच्या भोकात बसणारा. अमेरिकन शेगडीसाठी सपाट बूड आणि हँडल ही जॉइस चेनबाईंची देणगी मानतात, मूळच्या बीजिंगच्या, १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला त्यांनी रेस्टॉरंट काढलं आणि पुढे सत्तरच्या सुमारास असल्या वोकचं पेटंटही घेतलं. २०१४ मध्ये अमेरिकन पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. एका भांड्यामुळे नाही, पण भांडंही त्यात आलंच.

चौथी गोष्ट, तक्रार नाही, समज द्यायला म्हणून. यात आंबट करायचं नाही. चिंच, कोकम, टोमॅटो, व्हिनेगर घालून काहीही उकळलंत तर तापवून तापवून पत्र्यावर बसवलेला तेलाचा थर, म्हणजे महिन्यांची मेहनत, त्या आमटीत उतरते, चवीलाही लोखंड लागतं. ओला ठेवला तर सकाळी नारिंगी. धुतला की शेगडीवर कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा. ज्यांच्या घरी घावनांचा बिडाचा तवा आहे त्यांना हे शिकवायला नको. फरक एवढाच की बिडात कार्बन जास्त म्हणून ते जाड आणि ठिसूळ, आपटलं तर तडकतं, आणि तापायला वेळ घेतं. हा पातळ पत्रा लगेच तापतो आणि लगेच उतरतो.

आणि भारतातल्या लोकांना सरळ सांगतो, तुम्ही घेऊ नका. घरात पत्र्याची काळी लोखंडी कढई असेल, मोठी, पसरट, तर तुमच्याकडे वोक आहेच, तोही गोल बुडाचा, आणि आपल्या शेगडीच्या ताटलीवर तो नीट बसतो. उलथनं लांब दांड्याचं घ्या की झालं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल दोन्ही बंद आहेत, म्हणजे म्हशीचं, तर खाटकाकडे अंडरकट मागा, तो तुकडा मऊच असतो, सोडा निम्मा केला तरी चालेल. दुसरा कुठला भाग मिळाला तर सोडा पूर्ण आणि ठेवायचं अर्धा तास, कारण म्हशीच्या मांसात चरबी कमी, लगेच सुकतं.

बाकी वापराचं म्हणाल तर पोहे झकास होतात, भेंडी चिकट होत नाही, कुरडया तळायला तेल कमी लागतं. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र पहिले काही महिने नेऊ नका, खाली बसते.

पाचपैकी चार. एक मार्क हँडलचा आणि बुडाचा मिळून कापला. चौघांचं करणार असाल तरी १४ इंचाच्या वर जाऊ नका, घरच्या ज्वाळेला त्याहून मोठा पत्रा तापवणं जमत नाही, दोन घाणे काढा. आणि दुकानदार वरून अॅल्युमिनियमचं झाकण गळ्यात मारायला बघतो ते घेऊ नका, स्टर-फ्रायला झाकण लागतच नाही, लागलंच तर घरातली परात बसते.