आइस हॉकी लीग युरोपातल्या नव्या देशात न्यायची तर: तीन वाटा आणि त्यांचा हिशोब

मध्य युरोपातलं एखादं मध्यम शहर घ्या. पाच-सहा हजार खुर्च्यांची रिंक (बर्फाचं मैदान) आहे, हिवाळ्यात ती बऱ्यापैकी भरते, पण देशातली लीग लहान आहे. तेच चार-पाच संघ पुन्हा पुन्हा एकमेकांशी खेळतात आणि गुणी पोरं विशीच्या आतच स्वीडन-फिनलंड गाठतात. क्लबच्या संचालकांपुढे प्रश्न असतो की परदेशी लीगमध्ये जायचं का आणि कुठल्या. लीग चालवणाऱ्यांना हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं पडतो: नव्या देशातला संघ घ्यावा का, आणि घेतला तर तो टिकेल का?

आयपीएलच्या सवयीनं याकडे पाहू नये. तिथं हंगाम दोनेक महिन्यांत आटोपतो. युरोपातली हॉकी सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत, आठवड्याला दोन-तीन सामने अशी चालते. त्यामुळे निर्णय शेवटी दोन गोष्टींवर येऊन ठेपतो: परगावचा सामना संपल्यावर संघ रात्रीत घरी पोचतो का, आणि मोठा प्रायोजक गेला तर पुढच्या वर्षी पगार कोण देणार. स्टेडियम भरणं त्यानंतरचं.

युरोपात या विस्ताराच्या तीन वाटा आजवर चालून झाल्या आहेत. पहिली रशियाच्या केएचएलची (कॉन्टिनेंटल हॉकी लीग), म्हणजे खंडभर पसरलेली श्रीमंत लीग. दुसरी ऑस्ट्रियाची, शेजारच्या देशांतले संघ सामावून घेणारी. तिसरी चॅम्पियन्स हॉकी लीगची, ज्यात घरची लीग तशीच ठेवून वर एक युरोपीय स्पर्धा बसवली आहे.

केएचएल: पैसा मोठा, नकाशा त्याहून मोठा

केएचएल 2008 मध्ये सुरू झाली तेव्हाच लाटव्हियातलं रीगा, बेलारूसमधलं मिन्स्क आणि कझाकस्तानातला बारिस हे रशियाबाहेरचे संघ तिच्यात होते. पुढच्या सहा वर्षांत स्लोव्हाकियातलं पोप्राड, मग प्राग, ब्रातिस्लावा, युक्रेनमधलं दोनेत्स्क, क्रोएशियातलं झाग्रेब आणि फिनलंडचा योकेरित असे संघ येत गेले. आज यातला युरोपीय म्हणावा असा एक मिन्स्कच उरला आहे.

प्रागच्या लेव संघाचं उदाहरण सगळ्यात बोलकं. 2014 मध्ये हा संघ गागारिन चषकाच्या (केएचएलच्या विजेतेपदाच्या) अंतिम फेरीत पोचला, रशियाच्या मॅग्निटोगोर्स्कशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजला, प्रागच्या ओ2 अरीनात 17 हजारांवर लोक आले. त्याच उन्हाळ्यात पैशाअभावी संघ बंद झाला. खेळात आणि तिकीटविक्रीत याहून जास्त काय करायचं असतं? पण क्लबचा डोलारा तिकिटांवर उभाच नव्हता, तो प्रायोजकांच्या पैशावर उभा होता. तो पैसा थांबल्यावर 17 हजार प्रेक्षकही कामाला आले नाहीत.

त्यात 2014 च्या अखेरीस रूबल कोसळला. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला 33 च्या आसपास असलेला दर वर्षअखेर साठीच्या घरात गेला. ज्या क्लबचे करार युरोत आणि आधार रूबलमधला, त्याच्या हातात वर्षभरात जवळजवळ निम्मीच रक्कम उरते. करार युरोत करायचे असतील तर हमीही युरोतच मागावी, एवढं साधं कलम इथं मोलाचं ठरतं.

मग प्रवास. 2013 मध्ये झाग्रेबचा मेदवेश्चाक केएचएलमध्ये गेला, त्याच वर्षी व्लादिवोस्तोकचा संघही आला. हिवाळ्यात या दोन शहरांच्या घड्याळात 9-10 तासांचं अंतर असतं. अशा दौऱ्यावर दोन-तीन सामने एकत्र लावावे लागतात, परतल्यावर झोप ताळ्यावर यायला काही दिवस जातात आणि तेवढ्यात घरचा सामना येतो. खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर, साहित्य सांभाळणारे मिळून तीसेक माणसं. प्रत्येकाची बॅग आणि काठ्या, शिवाय स्केट्सना धार लावायचं यंत्र, असं जवळपास टनभर सामान होतं. सामन्यानंतर ते सगळं घामानं ओलं असतं. रात्रभर सुकवलं नाही तर दुसऱ्या दिवशी जड होतं आणि कुबट वास धरतं. नेहमीच्या विमानात हे सामान वेळेवर चढेल याची खात्री नसते, म्हणून चार्टर घ्यावं लागतं. छोट्या क्लबचा ताळेबंद फाटतो तो इथं.

राजकारणाची जोखीमही याच वाटेवर सर्वांत जास्त. 2014 च्या प्लेऑफमध्ये दोनेत्स्कच्या संघाला आपले घरचे सामने ब्रातिस्लावाला हलवावे लागले आणि मे महिन्यात त्यांचं स्टेडियम जळालं. योकेरितचे रशियन सहमालक 2014 मध्येच अमेरिकी निर्बंधांच्या यादीत आले होते. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर योकेरित आणि रीगा दोघेही बाहेर पडले. योकेरितला पुढे फिनलंडच्या दुसऱ्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली. सोडून आलेली जागा कुणी राखून ठेवत नाही.

ही वाट पश्चिमेकडच्या क्लबांसाठी आज बंदच आहे. तरी तिचा अभ्यास करायचा, कारण ‘अख्ख्या युरोपची एक महालीग’ असा बेत कुणी ना कुणी अधूनमधून मांडतच असतो, आणि त्याचा आराखडा थेट असाच दिसतो.

ऑस्ट्रियाची वाट: बसनं जाता येईल तेवढंच

ऑस्ट्रियाची लीग (आधी एर्स्टे बँक लीग, 2020 पासून आइस हॉकी लीग) फार गाजावाजा न करता वाढली. 2006 मध्ये स्लोव्हेनियातलं येसेनित्से आलं, 2007 मध्ये ल्युब्लियाना आणि हंगेरीतलं सेकेशफेहेरवार, 2009 मध्ये झाग्रेब, 2011 मध्ये चेक प्रजासत्ताकातलं झ्नोयमो, 2013 मध्ये इटलीतलं बोल्झानो. बोल्झानोनं तर पहिल्याच हंगामात विजेतेपद नेलं. ऑस्ट्रियाबाहेर चषक जाण्याची ती पहिली वेळ, आणि यजमान लीगनं ते खपवून घेतलं हे महत्त्वाचं. पाहुण्यांनी फक्त हरायला यावं अशी अपेक्षा असलेल्या लीगमध्ये पाहुणे थांबत नाहीत.

नकाशा पाहिला की कारण कळतं. येसेनित्से ते ऑस्ट्रियातलं फिलाख सुमारे 40 किलोमीटर, मध्ये काराव्हांकेनचा बोगदा. क्लागेनफुर्ट ते ल्युब्लियाना नव्वदेक किलोमीटर. बोल्झानोहून ब्रेनर खिंड ओलांडली की इन्सब्रुक. पाहुण्या संघाचे पाठीराखेही संध्याकाळी गाडी काढून येतात. देश वेगळे असूनही हे सामने स्थानिक चुरशीचे होतात, आणि ती चुरस नवलाई ओसरल्यावरही तिकिटं खपवते.

बसचंही गणित असतं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे चालकाला साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि दिवसाला 9 तासच गाडी चालवता येते (आठवड्यातून दोनदा 10). बोल्झानो ते सेकेशफेहेरवार हा सातशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला एका चालकाच्या जेमतेम आवाक्यात बसतो. सामन्यानंतर रात्री परतायचं तर दोन चालक हवेत, नाहीतर हॉटेलचा खर्च धरायचा. म्हणून वेळापत्रक ठरवणाऱ्यांशी आधीच बोलून लांबचे दोन सामने शुक्रवार-रविवार असे जोडून घ्यावेत. हे ऑक्टोबरात सुचून उपयोग नसतो.

या लीगनं खेळाडूंवर गुणांची मर्यादा घातली होती. प्रत्येक खेळाडूला दर्जानुसार गुण, आणि संघाच्या एकूण गुणांना कमाल आकडा. त्यामुळे श्रीमंत क्लबला सगळेच महाग परदेशी खेळाडू भरता येत नसत आणि तरुण स्थानिकांना जागा मिळे. नव्या देशातल्या क्लबनं लीगची नियमावली हाती घेतल्यावर आधी अशा मर्यादांचं पान उघडावं. घरचे खेळाडू पुरेसे नसतील तर मर्यादा लगेच टोचते. क्रोएशियात रिंक मोजक्या, खेळाडू त्याहून मोजके, त्यामुळे मेदवेश्चाकचा संघ बराचसा उत्तर अमेरिकेतून आणावा लागे. अशा खेळाडूंचे परवाने, व्हिसा आणि घरं यांचा खर्च वेगळाच.

या वाटेवरही पडझड झाली, हे लपवू नये. येसेनित्सेचा क्लब 2012 मध्ये कर्जात बुडाला, ल्युब्लियानाचा 2017 मध्ये. फरक असा की खाली शिडी होती. 2016 मध्ये ऑस्ट्रिया, इटली आणि स्लोव्हेनियाच्या क्लबांची आल्प्स हॉकी लीग सुरू झाली. येसेनित्सेतला नवा क्लब तिथं खेळू लागला आणि ल्युब्लियानाचा नवा क्लब तिथूनच 2021 मध्ये वर परतला. केएचएलमधून पडलेल्याला अशी मधली पायरी नव्हती. नामवंत हॉकीपटू आंझे कोपिटारचं गाव असलेल्या येसेनित्सेत क्लब बुडाला तरी खेळ शिल्लक राहिला, तो या पायरीमुळेच.

दोन्ही वाटा चालून पाहणारा क्लब एकच, मेदवेश्चाक. ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये असताना सप्टेंबर 2012 मध्ये त्यांनी क्रोएशियातल्या पुला इथल्या रोमन अँफिथिएटरमध्ये बर्फ घालून सामने खेळवले. केएचएलच्या पहिल्या हंगामात ते प्लेऑफलाही पोचले. चार हंगामांनी 2017 मध्ये परत आले आणि 2018-19 चा हंगाम अर्धवट सोडून बाहेर पडले. शहर, प्रेक्षक आणि स्टेडियम तेच होतं. खर्चाची पायरी एकदा वर गेली ती खाली आणता आली नाही.

चॅम्पियन्स हॉकी लीग: जोखीम कमी, कमाईही कमी

2014 मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत आता 24 संघ असतात. प्रत्येकाला पहिल्या टप्प्यात सहा सामने, पहिले 16 बाद फेरीत. बाद फेरीचे सामने मंगळवार-बुधवारी, म्हणजे घरच्या लीगचे शुक्रवार-रविवार मोकळे. मालकी बहुतांश देशांतर्गत क्लब आणि लीगांची, त्यामुळे राष्ट्रीय महासंघाशी भांडण नाही. याआधी 2008-09 मध्ये याच नावाची स्पर्धा झाली होती. झुरिकच्या झेडएससी लायन्सनं मॅग्निटोगोर्स्कला हरवून ती जिंकली, आणि प्रायोजक गेल्यानं दुसरा हंगाम झालाच नाही. म्हणून नव्या रचनेत मालकी मुख्यतः क्लबांकडे ठेवली गेली.

नव्या देशासाठी अडचण दुसरी: इथं जागा विकत मिळत नाही. लहान लीगांच्या वाट्याला मोजक्याच जागा येतात, त्याही बहुधा विजेत्यालाच. घरचे तीन सामने मिळतात, तेवढ्यावर वर्षाचं अंदाजपत्रक बांधता येत नाही. पण आपण कुठल्या पाण्यात आहोत हे फार थोड्या खर्चात समजतं.

(उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगचे युरोपातले सामने या तुलनेत धरू नयेत. 2007 पासून लंडन, स्टॉकहोम, प्राग इथं त्यांचे साखळी सामने झाले, पण तो पाहुण्यांचा कार्यक्रम. त्यानं शहराला संघ मिळत नाही.)

मग निवड कुणी काय करावी

घरापासून 300-400 किलोमीटरच्या आत निम्मे तरी प्रतिस्पर्धी असतील तर ऑस्ट्रियासारखी प्रादेशिक लीग. याला फारसा वाद नाही. तेवढे नसतील, तर घरच्या लीगमध्ये राहून चॅम्पियन्स लीगची जागा कमवावी आणि पैसा तरुणांच्या संघात घालावा. महालीगचं आमंत्रण आलंच, तर पाच वर्षांची बँक हमी क्लबच्या नावे, क्लबच्या चलनात मागावी. प्रायोजक ती द्यायला कचरत असेल तर उत्तर मिळालंच.

क्रमही पाळावा लागतो. आधी राष्ट्रीय महासंघाची लेखी संमती. 2010 मध्ये लेव संघ (प्रागच्या लेवच्या आधीचा) चेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोवेहून केएचएलमध्ये जाणार होता, चेक महासंघानं नकार दिला, संघ पोप्राडला हलवला गेला आणि तरी अख्खा हंगाम हुकला. संमतीबरोबरच देशाचं विजेतेपद कसं ठरणार हेही लिहून घ्यावं. स्लोव्हेनियात बाहेर खेळणारे क्लब राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी वेगळे सामने खेळतात, तशी सोय नसेल तर घरची लीग ओस पडते.

मग रिंक. लांबी 60 मीटर ठरलेली, रुंदी 26 की 30 हे लीगला विचारून घ्या, कारण बदलायची झाली तर कठडे, काचा आणि पुढच्या रांगा सगळंच हलतं. कठडा 107 सेंटीमीटर, त्यावर गोलच्या मागे 240 आणि बाजूला 180 सेंटीमीटर काच. स्टेडियम महापालिकेचं असेल तर करारात मार्च-एप्रिलच्या तारखा अडवून ठेवा. प्लेऑफची तारीख आठवडाभर आधी कळते आणि त्या दिवशी तिथं कुणाचा तरी जलसा ठरलेला असतो.

खेळाडूंचे करार सहसा 30 एप्रिलला संपतात. लीगचा होकार मेमध्ये आला तर चांगले गोलरक्षक केव्हाच सही करून गेलेले असतात. अर्ज आदल्या शरद ऋतूतच टाकावा.