नाशिकमधला सॉफ्टबॉलचा उन्हाळी वर्ग: मुलांना पाठवाच, पण जमलं तर स्वतःही शिकवायला उभे राहा

गंगापूर रोडकडे एका शाळेच्या ग्राउंडवर सुट्टीत सकाळी सॉफ्टबॉलचा, म्हणजे बेसबॉलसारख्या खेळाचा, वर्ग भरतो, सोसायटीच्या ग्रुपवर बरेच जण विचारत होते म्हणून सविस्तर लिहितोय. माझी मुलगी तिथे जाते आणि मी मदतनीस कोच म्हणून जातो, मानधन वगैरे काही नाही, वर्ग घेणाऱ्या सरांनीच पालकांना सांगितलं की ज्याला वेळ आहे त्याने या, कसं शिकवायचं ते मी दाखवतो. मला विचाराल तर या वर्गातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

आपल्याकडची पोरं क्रिकेट खेळूनच येतात, त्यामुळे सुरुवातीला बॉल मारला की स्लगर म्हणजे बॅट हातात घेऊनच पळतात, आणि पहिल्या बेसवर, म्हणजे पळत गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, ब्रेक मारल्यासारखी थांबतात. तिथे बेस ओलांडून सरळ पुढे पळत गेलं तरी चालतं हे अंगात मुरायला वेळ लागतो. ग्लोव्ह फेकायच्या हातात नाही, दुसऱ्या हातात घालायचा, हेही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सर ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा बॉल अडवायला शिकवताना खाली ग्लोव्ह आणि वर मोकळा हात असं मगरीचं तोंड करायला लावतात, छोट्यांना ते लगेच कळतं. पिचिंग, म्हणजे बॅटरला बॉल टाकणं, मात्र सर स्वतःच बघतात, कारण हात पूर्ण गोल फिरवून खालून, मांडीजवळून बॉल सोडायचा असतो, मोठ्या महिलांच्या मॅचला पिचर ४३ फुटांवरून टाकते, लहानांना अर्थातच जवळून टाकू देतात.

पण मला सांगायचंय ते बंटबद्दल. पहिल्या बेसवर आपला रनर आहे, अजून कोणी आउट नाही, तर बॅटरने बॉल नुसता हळूच समोर टेकवायचा, समोरचे तो उचलून पहिल्या बेसला टाकणार, बॅटर आउट, पण तेवढ्यात आपला रनर दुसऱ्या बेसवर. हे मुलांना पटतच नाही! मुद्दाम आउट कशाला व्हायचं सर? एका पोराला तर लांब मारण्याशिवाय काही सुचायचं नाही, आउट झाला की तोंड पाडून कोपऱ्यात बसायचा. परवा आपापसातल्या मॅचमध्ये त्याने कोणी न सांगता स्वतःहून बंट केला, आउट झाला आणि दुसऱ्या बेसवर पोचलेल्या मुलीकडे बघत टाळ्या वाजवत परत आला. खरं सांगतो, ऑफिसमध्ये इतकी वर्षं काढली पण असं समाधान कधी मिळालं नाही. आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या मागे लांब, उभी राहणारी एक अबोल मुलगी आता उंच बॉल आला की "माझा, माझा!" असं ओरडते की बाकीच्या आपोआप बाजूला होतात, तिच्या आईनेच येऊन सांगितलं की घरीसुद्धा आता मोकळं बोलते.

काही पालक फक्त दहावीच्या सवलतीच्या गुणांचं विचारायला येतात. शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आहे, त्यामुळे विचारणं चूक नाही, पण त्यासाठी आधी वरच्या लेव्हलपर्यंत खेळावं लागतं, एका सुट्टीत ते होत नाही. आणि हो, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, हे सांगितल्यापासून पोरं भलतीच पेटलीत.

कमी म्हणाल तर सावली अजिबात नाही, हेल्मेट आणखी हवेत, आणि डावऱ्या मुलांसाठी उजव्या हातात घालायचे ग्लोव्ह फारच कमी आहेत, त्यांना ताटकळत बसावं लागतं. सरांच्या कानावर घातलंय. फी वाजवी आहे, ओरडाआरडा नाही, हरलेल्या टीमलाही शेवटी तेवढाच वेळ देतात.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. मूल डावरं असेल तर ग्लोव्ह घरूनच आणा. आणि मदतनीस म्हणून यायचं असेल तर आधी खेळलेलं असायची गरज नाही, सरळ सकाळी येऊन सरांना भेटा, फक्त सुट्टी संपेपर्यंत नेमाने येणार असाल तरच हो म्हणा, पोरं वाट बघतात.