इनव्हरेरीचा वाडा आणि नोटेवरचा माणूस

लेकीकडे ग्लासगोला आले त्याच आठवड्यात जावयांनी कपाटातून एक पौंडाची जुनी हिरवी नोट काढून दिली, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची. 31 वर्षं सांगलीत कॅश काउंटरला बसले, त्यामुळे नोट हातात आली की आधी बोटं कागद चाचपतात, मग डोळे चेहऱ्याकडे जातात. भरघोस केसांचा टोप, अंगावर भारी झगा. कोण हा? आर्चिबाल्ड कॅम्पबेल, लॉर्ड आयला, पुढे आर्गाइलचा तिसरा ड्यूक. 1727 साली ही बँक निघाली तेव्हा तिचा पहिला गव्हर्नर. म्हटलं, याचा वाडा बघितल्याशिवाय परत जायचं नाही.

ग्लासगोपासून इनव्हरेरी साधारण 95 किलोमीटर. लॉख लोमंड या सरोवराच्या काठाने जायचं, घाट चढायचा आणि लॉख फाइन या खाडीवर उतरायचं. पहिल्यांदा एका सहल कंपनीच्या बसने गेलो, ती चूक झाली. वाड्यासाठी पाऊण तास दिला आणि त्यातली दहा मिनिटं तिकिटाच्या रांगेत गेली. दुसऱ्यांदा साध्या प्रवासी बसने गेलो आणि चार तास निवांत काढले. तसंच जा.

नाव कॅसल असलं तरी आपल्या डोळ्यासमोर येतो तसा हा किल्ला नाही. निळसर-हिरवट दगडाचा चौकोनी वाडा, चार कोपऱ्यांना गोल बुरूज. बुरुजांवरच्या निमुळत्या टोप्या 1877 च्या आगीनंतर चढवलेल्या. आत मधोमध शस्त्रदालन आहे, छत 21 मीटर उंच. भिंतींवर बंदुका आणि परशू चक्राकार, पंख्यासारखे रचून लावलेत. जवळ जाऊन एका बंदुकीचा दस्ता पाहिला. जिथे मूठ येते तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. वर बघून मान दुखते, पण मला तो दस्ताच जास्त आठवतो.

जेवणघर आणि फ्रेंच गालिचाचित्रांचा दिवाणखाना देखणा आहे, पण ते वैभव पाचव्या ड्यूकचं. माझ्या नोटेवरच्या माणसाला गादी मिळाली 1743 मध्ये, वयाच्या 61 व्या वर्षी, थोरला भाऊ वारल्यावर. या दोघा भावांचं इतकं बिनसलं होतं की कित्येक वर्षं मधल्या माणसाकरवी निरोप चालत. गादीवर आल्यावर तीनच वर्षांत, 1746 मध्ये, त्याने या वाड्याचा पाया घातला आणि अख्खं जुनं गाव हलवून नवं वसवायचा घाट घातला. काम पुरं झालं 1789 ला. तो 1761 मध्येच लंडनमध्ये गेला.

बँकवाल्यांनी इथे यावं ते आणखी एका गोष्टीसाठी. त्याच्या बँकेने 1728 मध्ये एडिनबर्गच्या विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला खात्यात होते त्यापेक्षा 1,000 पौंड जास्त उचलायची मुभा दिली. त्याला ते 'कॅश क्रेडिट' म्हणत. आमच्याकडे सांगलीत हळदीचा व्यापारी आजही 'माझी सीसी वाढवून द्या' म्हणतो, ती सीसी म्हणजे हेच कॅश क्रेडिट, तो शब्द तेव्हापासूनचा! हे वाचलं आणि अंगावर काटा आला. याच बँकेने बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटा गोळा करून एकदम वटवायला धरल्या आणि त्या जुन्या बँकेला काही काळ पैसे देणं बंद ठेवावं लागलं, हेही खरं. काउंटरवर लोकांची झुंबड उडाली की कॅशियरच्या पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे, म्हणून ही गोष्ट मला कौतुकाने सांगता येत नाही.

त्याहून जड गोष्ट 1752 ची. मे महिन्यात कॉलिन कॅम्पबेल या जमीन-कारभाऱ्याला गोळी घालून मारलं. संशयित पळाला, तेव्हा त्याला वाढवणाऱ्या जेम्स स्टुअर्टला धरलं. खटला इनव्हरेरीतच चालला. न्यायासनावर खुद्द हा ड्यूक, कारण तो स्कॉटलंडचा मुख्य न्यायाधीश, आणि 15 पंचांपैकी 11 कॅम्पबेल. नोव्हेंबरात जेम्सला फाशी दिली आणि प्रेत साखळीने टांगून ठेवलं. खालच्या दालनात बसलेल्या गाइडबाईंना मी याबद्दल सरळच विचारलं. त्यांनी विषय टाळला नाही. शांतपणे सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, इथली माणसं अजून यावर बोलतात. या वाड्याला मी पैकीच्या पैकी गुण देते ते त्या उत्तरासाठी.

झाडांचा या ड्यूकला फार नाद. लंडनजवळ व्हिटनच्या रेताड माळावर त्याने परदेशी झाडं जगवली. तो गेल्यावर भाच्याने, लॉर्ड ब्यूटने, त्यातली बरीच 1762 मध्ये लंडनमधल्या क्यू नावाच्या बागेत हलवली. ती बघायला पुढच्या महिन्यात जाणार आहे.

चहा-स्कोन वाड्याच्या तळघरातच मिळतं, चहा कडक मागून घ्या. मग मागच्या टेकडीकडे बघा. वर एक छोटा मनोरा दिसेल, 1748 चा. गुडघ्यांमुळे मी गेले नाही. लेक चढून गेली आणि फोटो काढून आणला. वाडा, पांढरं गाव, लॉख, सगळं तळहातावर मावेल एवढं. वाडा पुरा झालेला ड्यूकने पाहिला नाही, पण हा मनोरा त्याच्या हयातीत उभा राहिला होता.