साठ फुटी गोडाऊन: रॅकमधली गल्ली साडेबारा फुटी की साडेनऊ?

वाशीम-यवतमाळकडचं एखादं बियाण्याचं गोडाऊन घ्या. बाहेरून ६० फूट, आतली मोकळी रुंदी १८ मीटर. ही रुंदी भिंतीपासून नव्हे, शेडच्या खांबांच्या आतून मोजायची. पॅलेट (बॅगा रचायची लाकडी पाटी) १२०० × १००० मिमी, १२०० ची बाजू रॅकमध्ये आत. रॅक १००० मिमी खोल असल्याने पॅलेट पुढे-मागे १०० मिमी बाहेर येतं. म्हणून गल्ली रॅकपासून रॅकपर्यंत मोजली तर २०० मिमी कागदावरच राहतात. त्यात सोयाबीनच्या बॅगा फुगतात. टेप भरलेल्या पॅलेटला लावा.

अडीच टनी डिझेल फोर्कलिफ्टला ३.८ मीटर गल्ली धरा. एक गल्ली भिंतीला लागून सोडली तर तीन गल्ल्यांत रॅकच्या ५ रांगा बसतात, मधल्या फटी धरून १७.७ मीटर जातात. रीच ट्रकला, म्हणजे काटे पुढे सरकवून पॅलेट उचलणाऱ्या मशीनला, २.९ मीटर पुरतात. तितक्याच गल्ल्यांत ६ रांगा, १६.३ मीटर. म्हणजे गल्लीमागे जवळजवळ मीटर वाचवून कमाई एका रांगेची. कॅटलॉगमधला आकडा सराईत ड्रायव्हरसाठी असतो. हंगामी माणूस चालवणार असेल तर वर २०० मिमी ठेवाच; मग फोर्कलिफ्टच्या पाच रांगा १८ मीटरमध्ये बसत नाहीत.

रीच ट्रकची खरी कमाई उंचीत, आठ-नऊ मीटरवर. शेडच सहा मीटरचं असेल तर पैसे कशाला घालायचे? आणि खाली काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुरमाचा भराव नीट दाबलेला नसेल तर कोबा तडकतो. दोन्ही बाजूंच्या चाकांखाली १ सेंमीचा फरक असला की सहा मीटर वर मास्ट (काटे वर नेणारा खांब) ५ सेंमी कलतो. शिवाय हे मशीन अंगणातल्या चिखलात उतरत नाही, ट्रक खाली करायला दुसरं लागतंच.

तिसरा पर्याय बॅटरीचा स्टॅकर, म्हणजे पॅलेट उचलून रचणारं छोटं मशीन: २.६ मीटर गल्ली, सहाच रांगा, किंमत बरीच कमी. चाल मंद. त्याचे पाय काट्यांखाली असतात, त्यामुळे खालून फळ्या ठोकलेलं पॅलेट चालत नाही आणि सगळ्यात खालचं पॅलेट रॅकच्या आडव्या बीमवर न ठेवता जमिनीवरच ठेवावं लागतं. रात्री लाईन गेली तर सकाळी बॅटरी अर्धी.

दिवसाला दोन-तीन गाड्या आणि दोन-तीन मजली रॅक असेल तर स्टॅकर घ्या. मे-जूनमध्ये गाड्यांची रांग लागत असेल तर डिझेल फोर्कलिफ्ट, पाच रांगांवर समाधान माना. धुराला पंखे मात्र लावा.